अंगावर काय, अंगात काय?

...आणि वर मलाच विचारते हो! मला! "सर, अंगावर काय, अंगात काय?" अहो, हा प्रश्न काढला कुणी? मी! दारात उभं कसं राहायचं, समोरचा कितीही मोठा असो, हात आडवा कसा घालायचा, हे ज्या पोरीला मी शिकवलं ती चिमणी, आवाज बारीक म्हणून आम्ही चिमणी म्हणतो तिला, ती माझ्याच पुढे हात आडवा घालून उभी! गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ना, ती अशी...

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. आमच्याकडे एक स्कॅनर आहे. माणसाला बोगद्यात सरकवून आतले फोटो काढतो ना, तो. संशोधनासाठी. यंत्र एक आणि मालक सतरा! मेंदूवाले प्रोफेसर म्हणतात सकाळ आमची, गुडघेवाल्या बाई म्हणतात गुडघे सकाळीच आखडतात तेव्हा सकाळ आमची, आणि मधे मी! कुणाला वेळ द्यायची, कुणाला यंत्र चालवायला शिकवायचं, कुणाला दाराचं कार्ड द्यायचं, सगळं माझ्याकडे. म्हणजे मृदंगच की, दोन्हीकडून थापा!

आणि आत काय, तर चुंबक. साधंसुधं नव्हे, आणि बंद होत नाही हो ते! दिवे घालवा, काँप्युटर बंद करा, घरी जा, ते आपलं चालूच. लोखंड घेऊन आत गेलात की गेलं ते हातातून, थेट बोगद्यात! एकदा सफाईवाल्या मावशींची बादली गेली. मावशी म्हणतात, "मी नाही फेकली, तिनंच उडी मारली!" खरंच होतं त्यांचं. म्हणून दारात प्रश्न. अंगावर काय, म्हणजे घड्याळ, किल्ली, केसातली पिन. अंगात काय, म्हणजे सळई, स्क्रू, बसवलेलं एखादं यंत्र. प्रोफेसर डोळे वटारतात, "मला ओळखत नाहीस?" म्हटलं, "मी ओळखतो, चुंबक ओळखत नाही. अंगावर काय, अंगात काय?" अंगात त्यांच्या नुसता माज, पण तो काही चिकटत नाही, म्हणून सोडलं आत!

शिकणाऱ्यांची शेवटची परीक्षा तर माझी खास. मी धावत यायचो, घाम पुसत, "हो बाजूला, घाई आहे, मला काय विचारतोस, मी तुझा सर!" आणि जो आदरानं बाजूला झाला तो... नापास! कार्ड नाही! भलेभले पडले त्यात. चिमणी तेवढी राहिली होती परीक्षेची.

आणि मग मी जिन्यात कोसळलो. हृदय मधेच थांबायला लागलं होतं म्हणे. छातीत, कातडीखाली यंत्र बसवलं, पेसमेकर. ठोका चुकला की हे ढकलणार. डॉक्टर पोरसवदा, गोड बोलणारा. "काका, जड उचलू नका, आणि मोठ्या चुंबकापासून लांब राहा. तसं तुमच्या वाटेत कुठून येणार म्हणा चुंबक... काय काम करता तुम्ही?"

सांगितलं. बिचाऱ्यानं चिठ्ठीवर 'लांब राहा'च्या खाली दोन रेघा ओढल्या. आमची ही शेजारी उभी, म्हणाली, "जन्मभर जीव त्या यंत्रात होता, आता यंत्र जिवात घेऊन बसलात." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? नोकरी आहे ना? आहे की! बाहेरच्या खोलीत बसायचं, काचेतून सगळं दिसतं. पण अहो, सकाळी सगळ्यांच्या आधी मी आत जायचो. आतला पंप चिक-चिक, चिक-चिक करत असतो, यंत्राच्या त्या गार अंगावर हात ठेवून घटकाभर उभा राहायचो. खोक्यातून निघालं तेव्हा पहिल्यांदा पुसलं कुणी? मी! घरातलं माणूस असं न सांगता जातं का कुठे? मला एकदाच आत जाऊन म्हणायचं होतं, बाबा रे, आता मी येणार नाही. कळत होतं हो, जाता येत नाही! मी जाणारही नव्हतो... बहुतेक नव्हतो. पाय आपले दाराकडे गेले.

कामावर परत आलो तो पहिला दिवस. 'सरांना बरं नव्हतं' एवढंच सगळ्यांना माहीत. दारात चिमणी. "सर! आलात!" आणि लगेच हात आडवा. "अंगावर काय, अंगात काय?"

"बाजूला हो गं."

"सर, अंगावर काय?"

"मला काय विचारतेस? मी तुझा सर!" आवाज चढला माझा, आणि या खेपेला खरा चढला. पण पोरीनं हात काढला नाही! आणि एकदम चेहरा उजळला तिचा. "कळलं! परीक्षा ना, सर? पास झाले ना मी?" असं म्हणत माझ्या हातातलं कार्ड घेतलं, लावलं, दार उघडलं, आणि हसत बाजूला झाली. "या आता, सर!"

दार सताड उघडं. चिक-चिक, चिक-चिक. मधे कुणी नाही...

"नापास!" ओरडलो मी. "अंगात काय ते सांगितलं का मी तुला? मग दार उघडलंसच कसं?"

रडकुंडीला आली. दार ओढून घेतलं, नाक पुसलं, हात पुन्हा आडवा, आणि त्या बारीक आवाजात पुन्हा पहिल्यापासून, "सर... अंगावर काय, अंगात काय?"

म्हटलं, "अंगावर काही नाही, बाळ." शर्टाचं वरचं बटण काढून दाखवला तो कातडीखालचा उंचवटा. बघतच राहिली. पण असं उत्तर आलं तर पुढे काय म्हणायचं, तेही मीच पाठ करून घेतलेलं ना! "माफ करा, तुम्हाला आत जाता येणार नाही. बाहेर खुर्ची आहे, बसा." न चुकता म्हणाली हो! रडत म्हणाली, पण एक शब्द चुकली नाही!

पास केलं. तिला कार्ड दिलं आणि माझं रद्द केलं. ते कामही माझ्याचकडे, दुसरं कोण करणार?

आता बसतो त्या खुर्चीवर. काय करणार? त्याचं चुंबक बंद करता येत नाही, आणि माझं यंत्र बंद करून चालत नाही... बाहेर खुर्ची आहे. बसा!