शेजारचं गणित

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई दाढ धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची संशोधक नात बोलत होती.

“क्वांटम संगणक एकच, आबा. आम्ही अनोळखी माणसं तो लांबून, एकाच वेळी वापरतो.”

“मग एकमेकांचं दिसतं?”

“दिसत नाही. पण त्याच संगणकावर शेजाऱ्याचं गणित चाललं, की माझ्या आकड्यांत बारीक थरथर येते. त्या थरथरीवरून मी ओळखलं, तो काय शोधतोय ते.”

“हात न लावता? अगं, नवलच की!”

शिंपीणबाई दाढ विसरून ऐकू लागल्या.

“मी तर थक्कच झाले. लगेच संगणकाच्या कंपनीला कळवलं.”

“शाबास! पण तुझं ते नव्या औषधाचं गणित? त्याचीही थरथर शेजारी जात असेल ना?”

“जात असणार.”

“मग ती कोणी ओळखली?”

“तेच तर कळायला मार्ग नाही, आबा.”