दीपमालाच्या तेलाचा पंचनामा

अंबाजोगाईच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत केसरबाईच्या पुढं रिटायर जमादार माणिकराव उभे होते. तेवढ्यात त्यांचा जुना दोस्त धोंडीराम आला. केसरबाईनं तोंड भिंतीकडं केलं आणि कान पुढं दिले.

“कुणासाठी आलाव, जमादार?”

“आमच्या दीपमालासाठी. पोरीचा जीव घाबरा होतो, छाती धडधडती. पुण्याच्या वैद्यानं चिठ्ठी लिहून तेल दिलतं. सीबीडी म्हणत्यात, नशा न्हाई चढत त्यानं. दोन थेंब जिभेखाली घ्यायचे.”

“मग? गुण न्हाई आला?”

“येऊ दिला कुणी! बाटलीवर मला भांगेचं पान दिसलं. तीस वर्सं गांजाची झाडं उपटली मी. बाटली जप्त केली.”

“पोरीची?”

“पंचनामा बी केला.”

“घरात?”

“घरातच.”

“अन् पंच कोण?”

“शेजारचे दोघं बोलावले. त्यांच्यादेखत इचारलं, कावून घेतीस, कवापासून घेतीस. तिनं रडत समदं सांगितलं. दिवस मावळायच्या आत गल्लीला ठावं झालं.”

“लई शाणा हायस बे.”

“पंचनाम्याखाली सही केली तिनं. तवापासून माझ्याशी बोलत न्हाई.”

“आज आली का?”

“झाडाखाली बसलीय. हातापाया पडून आणलंय.”

खिडकीतून आवाज आला, “पेशंटचं नाव?”

माणिकरावांनी मागं पाहिलं, खिडकीत तोंड घातलं आणि काहीतरी पुटपुटले.

“आजोबा, मोठ्यानं बोला!”

“न्हाई साहेब. कागद द्या, लिहून देतो.”

केसरबाई दोन पावलं मागं सरली आणि गर्रकन मागच्या रांगेकडं वळली. “सरका की मागं! कावून खेटायलाव माणसाला?”