पाणी आलं, पाणी आणलं

नाही नाही मासी, खोटं कशाला म्हणतेस? बस आधी, खाटेवर बस, चहा होतोय — दोन वर्षांनी दारात आलीस, तीही भांडायलाच! तुझं वाक्य मला पाठ आहे गं. पूर ओसरला नव्हता, बांधावरच्या तंबूत मदत द्यायला आलेले परदेशचे पाहुणे बसलेले, शेजारी इस्लामाबादचे साहेब, आणि मधे मी — शाळेतला इंग्रजीचा मास्तर, दुभाषा म्हणून धरून आणलेला. पाहुण्यांतल्या त्या बाईंनी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "पाणी आलं नाही साईं, आणलं." आणि मी सांगितलं, पाणी आलं. बाकीचं गिळलं. एवढंच!

एवढंच नाही? बरं, नाही. पण माझ्या जागी बसून बघ जरा. साहेबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं — मास्तर, पुढच्या महिन्यात जिनिव्हाला जगापुढे उभं राहायचंय, धूर तुमच्या कारखान्यांचा आणि बुडालो आम्ही, असं तोंडावर सांगायचंय. खरंच आहे ना ते? तसला पाऊस तुझ्या आजीनं तरी पाहिला होता का? आणि त्यात तू म्हणणार, जमीनदार वडेऱ्याची आंब्याची बाग वाचवायला आमच्याच माणसांनी बांध फोडला, पाणी आमच्या गावावर सोडलं — की ते लगेच हात झटकणार, मग निस्तरा तुमचं तुम्ही! सगळ्या सिंधच्या तोंडचा घास गेला असता. देशासाठी केलं मी — अशी बघू नकोस. वडेऱ्याला घाबरलो म्हणतेस? घाबरलो. त्याला कोण घाबरत नाही? पण बांधाच्या या बाजूला नुसती बागच होती का? दवाखाना होता, शाळा होती, हा मोहल्ला होता, हे घर होतं... हो, हेच. माझी लेक बाळंतीण होती आत. मग वडेऱ्याची माणसं बांध फोडायला फावडी मागायला आली, तर काय नाही म्हणू? शाळेच्या बागेची फावडी, मासी. किल्ली माझ्याकडेच असते.

...हे तुला माहीत नव्हतं. मला वाटलं, माहीत असेल.

लाज वाटते मला, खरंच वाटते. वर्गात 'येणं' आणि 'आणणं' शिकवायची वेळ आली की जीभ अडखळते. आज त्या बाई नवा बांध बघायला येताहेत, म्हणूनच आलीस ना? नकाशा पाहिलाय मी. त्यांच्याच मदतीतून बांधलाय, आणि तुझं गाव पुन्हा बाहेरच ठेवलंय. पुढच्या पुरात पहिलं तेच बुडणार. तेव्हा तुझा शब्द पोचला असता तर बांध तुमच्या पलीकडून गेला असता — कळतं मला, मासी, सगळं कळतं. पण आज तरी खरं सांग म्हणतेस, तर त्या पहिलं काय विचारतील? कुणी फोडला? कशानं फोडला?

गाड्या आल्या वाटतं. ऊठ. चहा राहू दे. हे बघ, आज तू नुसते आभार मान. तेवढं मी शब्दाला शब्द सांगतो. — जा, मासी. जा म्हटलं ना!