तुमेलोची टोपी

लेसोथोच्या डोंगरातल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या नेओच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं येत होतं. सून पोटुशी होती आणि लोकरीची टोपी विणत होती.

"बाळ हाती येण्याआधी कपडा करू नये गं. आधीची दोन गेली, विसरलीस?"

"विसरेन कशी, आई? पण लग्नाच्या दिवशी 'मातुमेलो', तुमेलोची आई, हे नाव मला तुम्हीच दिलंत. तेव्हा कुठं होता तुमेलो?"

"ती रीतच आहे आपली. आणि देवाच्या मनात नसलं तर?"

"तर बोडक्या डोक्यानं त्याच्याकडे कसा पाठवू? राहिला तर इथं घालेल, नेला तर तिथं. दोन्ही घरं देवाचीच."

नेओनं सुयांकडे पाहिलं. त्या थांबल्या नव्हत्या.

"मग कान झाकतील एवढी खोल कर. इथला वारा वाईट आहे," सासू म्हणाली.