अर्ज देवासमोर ठेवणार कोण?

तुम्हीच सांगा, मूल होण्याचा कागद देवाला चालतो, तर मूल नको असल्याचा का चालू नये? आता ही तृप्ती... जैनाबादहून रोज तापीचा पूल ओलांडून येते, राम मंदिराच्या भोजनशाळेत पोळ्या लाटते. नवरा लीलाधर तिथंच झाडलोट करतो, घंटा वाजवतो, आणि बोलायचं म्हटलं तर "हो जी"च्या पुढे जात नाही! तिसऱ्या खेपेला तृप्ती मरता मरता वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, तुझं हृदय नाजूक आहे, चौथं झेपायचं नाही. ऑपरेशन करून घे, पण मोठ्या दवाखान्यात." मोठा दवाखाना म्हणजे विमा, विमा मंदिराच्या ट्रस्टचा, म्हणजे आली अध्यक्ष मोतीलालजींची सही! आणि तुम्हाला सांगते, इथली रीत अशी की कोणताही अर्ज संध्याकाळच्या आरतीला रामजींच्या पायाशी ठेवायचा, सकाळी उचलायचा, मगच सही. तृप्तीच्या तिन्ही बाळंतपणांचे अर्ज असेच ठेवले, वर पेढे वाटले! पण हा... हा देवासमोर ठेवणार कोण?

मोतीलालजींनी चष्मा चढवला, उतरवला. "कुटुंब... नियो... अगं पोरी, हे असलं गाभाऱ्यात? रामजी काय म्हणतील?" विमावाल्या नितीनला फोन लावला. तो म्हणतो, "काकाजी, पॉलिसी में सब है, तुम्ही फक्त सही करा!"

"अरे भाई, पॉलिसीत आहे, पण देवासमोर ठेवणार कोण?"

माणूस वाईट नाही हो! भट्टीपाशी बायांना घाम येतो म्हणून स्वतःच्या घरचा कूलर आणून लावला त्यांनी. पण लाजेनं कान लाल! पुजारीबुवा म्हणाले, "मी सोवळ्यात आहे." मुनीमजींना ऐनवेळी खोकला आला. आणि तृप्ती बिचारी आठ दिवस अर्ज पदराला बांधून पोळ्या लाटतेय... कागदाला पीठ लागलं, तूप लागलं, सही काही लागेना!

शेवटी मोतीलालजींच्या घरच्या कमलाबाई आल्या. "अहो, रामजींची लाज वाटते ना? मग सीतामाईच्या पायाशी ठेवा. तिला दोनच होती, काय कमी पडलं तिला?"

"अगं, पण रामजी बाजूलाच उभे आहेत!"

"मग त्यांना म्हणावं, घडीभर तिकडे बघा!"

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. तृप्तीचे मात्र डोळे भरले. ठरलं एकदाचं! पण पुन्हा तेच... ठेवणार कोण? तृप्ती स्वतःच उठली, तर लीलाधरनं हातातला झाडू भिंतीला टेकवला, तिच्याकडून तो पिठाळ कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "तू बस. मी ठेवतो." अख्ख्या भोजनशाळेनं त्याचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदा ऐकलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सीतामाईच्या पायाशी काहीच नव्हतं. रामजींच्या पायाशी लीलाधरच्या नावाचा, नसबंदीचा कोरा करकरीत अर्ज होता, आणि मोतीलालजींनी मुकाट्यानं त्यावर सही केली.