सांडपाण्याच्या बांधाचे मालक

दूधवाल्या सखूमावशी दिसल्या की मी वाकून नमस्कार का करते, ते ऐका.

लोणावळ्याखालच्या आमच्या पेठेचं आणि शेजारच्या कारखान्याचं सांडपाणी एका मातीच्या बांधामागे साठतं. त्याच्या पायथ्याशीच मावशींचं घर. श्रावणात बांध काठोकाठ भरला आणि पाझरू लागला. मी वडिलांबरोबर बघायला गेले होते.

पाहणीला आलेले कारखान्याचे साहेब म्हणाले, "बांध म्युनिसिपल कमिटीचा आहे."

कमिटीचे साहेब म्हणाले, "छे, कारखान्याचा."

दोघे निघालेसुद्धा. मावशींनी म्हैस सोडली आणि थेट बांधावर चरायला चढवली.

"अहो बाई, आमच्या बांधावरून म्हैस उतरवा!" कारखान्याचे साहेब ओरडत मागे फिरले.

"आमचा बांध ढासळेल!" कमिटीचे साहेबही हॅट सावरत बांधावर धावले.

ढासळला असता तर पहिलं घर मावशींचंच जाणार होतं. तरी त्या काळ्या पाण्याकडे पाठ करून त्या शांत उभ्या होत्या.

"मगाशी याला एक बी मालक न्हवता, भाऊ. आता दोन गावले. माती टाकाया मानसं बोलवा, मग म्हैस उतरवते."

मातीच्या गाड्या येईपर्यंत म्हैस काही उतरली नाही, आणि साहेबही नाहीत.