वायरमनच्या नावाचा दिवा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सरपंच, घाटावरून आलेले मास्तर, वाडीतली माणसं, बुरोंडीहून आणि दाभोळहून आलेले, माझ्या दादाबरोबर खांबांवर चढलेले त्याचे सोबती, आणि वहिनी.

मला भाषण येत नाही. मी चौथी शिकले, तीही रडतखडत. माझ्या आधी जे बोलले ते कागदावर लिहून आणून बोलले. माझ्याकडे कागद नाही. मध्येच मी थांबेन. कोणी उठून पाणी आणू नका, पाठीवर हात फिरवू नका. थोड्या वेळाने मीच पुन्हा सुरू होईन.

शांताराम माझा थोरला भाऊ. तुम्ही त्याला वायरमन म्हणायचात. मी दादा म्हणायचे, तो मला बाय म्हणायचा. आता या गावात मला बाय म्हणणारं कोणी उरलं नाही.

असो.

आत्ता सरपंचांनी जाहीर केलं की दादाच्या स्मरणार्थ या देवळासमोर हायमास्ट दिवा उभारायचा. खाली त्याच्या नावाची पाटी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. त्यामागचं मन चांगलं आहे, हे मला कळतं. वायरमन होता, घराघरांत वीज आणली, म्हणून त्याच्या नावाने दिवा. सरळ हिशोब आहे. मला राग आलेला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आलाय.

कारण तो दिवा लागला, तर दादाचं काम त्याच रात्री संपेल. माझं घर या देवळाच्या मागे. दादाचा आकाश बघणारा कॅमेरा माझ्या स्लॅबवर. त्याच्या डोळ्यांतच तो दिवा जाणार. माणूस गेला, त्याचं आपण सुतक पाळलं. आता त्याचं कामही त्याच्याच नावाची पाटी लावून मारायचं का?

ऐका. निम्म्या लोकांना तो काय करत होता हेच माहीत नाही. कोणी म्हणतं, स्लॅबवर सीसीटीव्ही लावला होता. कोणी म्हणतं, हवामानाचं काहीतरी. मी सांगते.

वादळात आपले सगळे खांब आडवे झाले होते, आठवतंय? कितीतरी दिवस वाडी अंधारात. दादाची नोकरीतली शेवटची वर्षं. दिवसभर तारा ओढून संध्याकाळी माझ्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसला. हात सोलले होते. मी तांब्या पुढे केला तर घेईना. वर बघत होता. म्हणाला, "बाय, मी आयुष्यभर खांबावर चढलो आणि खालीच बघितलं. हे वर इतकं होतं, मला कोणी सांगितलं नाही." तेवढ्यात एक तारा तुटला. मग आणखी एक. मी म्हटलं, तारा तुटला की थुंकावं, आपली आई थुंकायची. तो हसला, थुंकला नाही. तिथून खूळ सुरू झालं.

निवृत्त झाल्यावर त्याने तो कॅमेरा बसवला. त्याच्या घराला कौलं, वानरं नाचतात, म्हणून माझ्या स्लॅबवर. वर काचेचा घुमट, वाटी पालथी घालावी तेवढा. अंधार पडला की कॅमेरा आपोआप सुरू, उजाडलं की बंद. कोणाला जागायला लागत नाही. आकाशात काही हललं की तो तेवढंच चित्र ठेवतो. काम सगळं सकाळचं. दादा चहा घेऊन माझ्या ओटीवर बसायचा आणि रात्रीची चित्रं बघायचा. हे विमान. हे वटवाघूळ. हा काजवा. ही समुद्रावरची वीज. आणि ही उल्का. मला वाटायचं, सगळ्याच रेघा. पण बघून बघून मलाही कळायला लागलं. विमान एका चालीने जातं. वटवाघूळ दारुड्यासारखं जातं. उल्का येते, पेटते आणि संपते. तिला वळण नाही, माघार नाही.

आमची भांडणं झाली. स्लॅब माझा. मी त्यावर बांगडे सुकवायची, कोकमाची सोलं सुकवायची. बांगड्यांना कावळे येतात, कावळे घुमटावर बसतात, आणि बसले की काय करतात ते सांगायला नको. दादा म्हणाला, "बाय, कावळ्याने तिथे घाण केली की माझं आकाश गेलं." मी म्हटलं, तुझ्या आकाशापायी मी पावसाळ्यात काय खाऊ? दोन दिवस बोललो नाही. शेवटी त्याने स्वतः कातळावर माझ्यासाठी जाळी लावलेला मांडव घालून दिला. बांगडे तिकडे गेले. सांगायला हरकत नाही, तिथे जास्त चांगले सुकतात. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, कारण मग तो डोक्यावरच बसला असता.

आणि खारा वारा. समुद्रावरून येतो, घुमटाच्या काचेवर मिठाचा पापुद्रा धरतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने, जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने ती काच पुसायची. जोर द्यायचा नाही, चरे पडतात. दादाचे गुडघे गेले तसं ते काम माझ्याकडे आलं. रोज दिवेलागणीला त्याची हाक यायची, आमच्या घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून. "बाय, काच पुसलीस?" मी चिडायची. पुसली म्हणून ओरडायची. रोज तेच. पाहुणे असोत, सण असो, तेच.

आता मास्तर. हे इथे पुढे बसलेत, पांढऱ्या सदऱ्यात. यांचा कॅमेरा घाटावर, यांच्या गच्चीवर. तुम्ही विचाराल, दोन कशाला? मीही विचारलं होतं. दादाने मला सुईदोरा दिला. म्हणाला, एक डोळा मिटून ओव. मी ओवत बसले, दोरा एकदा पुढे, एकदा मागे. म्हणाला, दोन्ही उघड. लगेच गेला. "हेच आहे," म्हणाला. "एका डोळ्याला किती लांब ते कळत नाही. मी एक डोळा, मास्तर दुसरा. दोघांनी एकच उल्का बघितली तर ती किती उंच होती, कुठून आली, हे निघतं."

रोज सकाळी यांचा फोन. लोक विचारतात, तिकडे पाऊस आहे का. हे विचारायचे, "तुमच्याकडे दिसली का?" दादा म्हणायचा, दिसली. किंवा म्हणायचा, आमच्याकडे ढग. की मग दोघं एखादा बैल मेल्यासारखे गप्प. श्रावणात उल्कांचा मोठा वर्षाव असतो म्हणे. आपल्याकडे त्या वेळी आभाळ फाटलेलं, कॅमेऱ्यावर प्लास्टिक बांधलेलं. दादा दर वर्षी हळहळायचा. पण डिसेंबर आपला. मोहराच्या दिवसांत आभाळ स्वच्छ असतं, तेव्हा मिथुन राशीतून उल्का पडतात. त्या सकाळी दादाचा चहा नेहमी गार व्हायचा.

इतक्या वर्षांत हे दोघं एकदाही भेटले नाहीत. येतो, येतो म्हणत राहिले. मास्तर, तुम्ही आज आलात. त्याच्या ओटीवर तुम्हाला चहा द्यायचा राहिला. तो मी देईन.

थांबते जरा.

हं.

ती मोठी उल्का तुम्हाला आठवत असेल. सगळी किनारपट्टी उजळली होती. मुरुडची माणसं म्हणाली, रिसॉर्टवाल्यांनी काहीतरी उडवलं. दाभोळची म्हणाली, रॉकेट. बुरोंडीची पोरं होडी काढून निघाली होती, समुद्रात सोनं पडलं म्हणून. दादाने त्यांना किनाऱ्यावर अडवलं. म्हणाला, सकाळपर्यंत दम धरा. सकाळी मास्तरांचा फोन झाला, दोघांची चित्रं जुळवली, आणि दादाने बंदरावर जाऊन सांगितलं: ती खूप उंचावर, समुद्राच्या वर जळून संपली. खाली राखही आली नाही. होडीला डिझेल घालू नका. पोरांची तोंडं उतरली. पण मला काय वाटलं, सांगू? कुठून तरी सूर्याला फेऱ्या मारत आलेला एक खडा, त्याची वाट आमच्या शांतारामाने काढली. चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्या बापाच्या मुलाने. माझी छाती एवढी झाली. आज सांगते. तेव्हा सांगायचा प्रश्नच नव्हता, आम्ही भाऊबहीण.

असे कॅमेरे ठिकठिकाणी आहेत, त्यांची जी यादी असते, त्यात प्रत्येक कॅमेऱ्याला नाव द्यायचं असतं. लोक स्वतःचं देतात, कोणी मुलाचं देतं. दादाने आपल्या वाडीचं नाव दिलं. वहिनी म्हणाली, स्वतःचं द्या की. तो म्हणाला, माझा कॅमेरा आहे, आकाश वाडीचं आहे.

आता दिव्याकडे येते.

तुम्ही त्याला काय काय बोललात, ते मी विसरलेली नाही. जन्मभर दिवे लावले, आता विझवत फिरतो, असं म्हणालात. दिवाळीत तो घरोघर गेला, आकाशकंदील माडाच्या टोकाला नको, पडवीत लावा म्हणून हात जोडले. तेव्हा कोणी म्हणालं, वायरमनला अंधाराची बाधा झाली, भगताकडे न्या. माझ्या आधी बोलणाऱ्यांनी आत्ता सांगितलं की दादाने वाडीला अंधारातून प्रकाशाकडे नेलं. खरं आहे, नेलं. मग त्याला कळलं की आपण जरा जास्तच पुढे नेलं. ते बोलायचं राहिलं तुमचं.

पण दादाने दिवा कधी विझवला नाही. वायरमनच तो, त्याच्या हाताने दिवा विझला नसता. शाळेजवळच्या खांबाला त्याने काय केलं? गोडेतेलाचा डबा कापला, पत्रा वाकवला आणि दिव्याला टोपी घातली. तुम्ही हसलात, म्हणालात, वायरमन आता सगळ्यांना टोप्या घालणार. पण त्या दिव्याखाली जाऊन बघा. उजेड सगळा खाली, वाटेवर. पूर्वी तो माडांच्या शेंड्यांवर वाया जायचा. पलीकडची म्हातारी काकी मला म्हणाली, आता पायाखालचा साप दिसतो. हे दादाचं स्मारक. ते आधीच उभं आहे. नवीन उभारायचं कारण नाही.

सरपंच, मी तुमच्याशी बोलतेय. हायमास्ट नको. उरलेल्या खांबांना तशा टोप्या घाला. पत्रा कसा वाकवायचा ते त्याचे सोबती सांगतील, ते इथेच बसलेत. पाटी हवी असेल तर तीही लावा, पण लहान. आणि कॅमेरा चालू राहणार. कोणी विचारायच्या आधी सांगते, दादा गेल्यापासून तो एकही रात्र बंद नाही. सकाळी चित्रं मी बघते. चुकले तर मास्तर फोनवर रागावतात. रागवा मास्तर, मला सवय आहे.

रत्नागिरीच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा त्याच्या नाकाला नळी होती. बोलवत नव्हतं. मी कानाजवळ गेले. मला वाटलं, घराचं काही सांगेल, वहिनीकडे बघ म्हणेल. तो म्हणाला, "बाय, काच पुसलीस?"

मी म्हटलं, पुसली. तू गप पड.

बास. संपवते.

श्रद्धांजली वाहताना उभं राहून मान खाली घालायची पद्धत आहे. आज तसं करू नका. आपण देवळाच्या अंगणात बसलोय, रात्र झालीय, वर छप्पर नाही, ढग नाहीत. आज उभे राहा आणि मान वर करा. आज काही मोठा वर्षाव नाही. एखादी दिसेलच असं नाही. नाही दिसली तरी चालेल. पुष्कळ रात्री दादाला काही मिळायचं नाही, तरी सकाळी तो मास्तरांना कळवायचा: आकाश स्वच्छ, काही नाही. म्हणायचा, तेही कळवावं लागतं.

सरपंच, हे फोकस बंद करायचे आहेत. बटण तुमच्या खुर्चीच्या मागेच आहे. दुसऱ्या कोणाला सांगू नका, तुम्ही उठा.

हां. समईसुद्धा गाभाऱ्याच्या आत घ्या. मोबाइल खिशात.

लहान मुलांनी घाबरू नये, डोळ्यांना थोडा वेळ लागतो. दादा म्हणायचा, अंधार लगेच दिसत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

आता कोणी बोलू नका. मी एकच बोलते आणि गप्प बसते.

दादा, काच पुसली.